डॉक्टरांची बदली झाली की आरोग्य केंद्र का बसतं?

प्रश्न : आमच्या तालुक्यात एकमेकांजवळ दोन प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. इमारती एकाच नमुन्याच्या, मंजूर पदं सारखी, औषधंही एकाच ठिकाणाहून येतात. तरी एका केंद्रात सकाळी ओपीडी भरलेली असते, रात्री-अपरात्री बाळंतपणं होतात. दुसऱ्यात गेलं की 'तालुक्याला न्या' एवढंच ऐकायला मिळतं. काही वर्षांपूर्वी चित्र नेमकं उलटं होतं. तेव्हा चांगले डॉक्टर इकडे होते, आता तिकडे आहेत, असं लोक सांगतात. ग्रामीण आरोग्यसेवा खरंच एका माणसावर इतकी अवलंबून असते का? असेल, तर सरकारी धोरणाला अर्थ काय उरतो? आणि इतक्या कामांतलं आधी काय करायचं, हे ठरवतं कोण? आम्ही गावकरी यात काही करू शकतो का?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असंच आहे. आपली ग्रामीण आरोग्यसेवा आज गरजेपेक्षा कितीतरी जास्त एकेका माणसावर तोललेली आहे. मनापासून काम करणारा वैद्यकीय अधिकारी आला की केंद्र उभं राहतं आणि त्याची बदली झाली की काही महिन्यांत तेच केंद्र बसतं. यात त्या डॉक्टरांचा मोठेपणा दिसतो, तसं व्यवस्थेचं अपुरेपणही दिसतं. धोरणाला अर्थ आहे की नाही, हे तपासायची जागा माझ्या मते हीच आहे. चांगल्या माणसाने बसवलेली घडी त्याच्या माघारी टिकते का, एवढं पाहावं. ती टिकवणं हे धोरणाचं पहिलं काम, आणि आपल्याकडे ते अर्धवट राहिलं आहे. का राहिलं, ते क्रमाने पाहू.

केंद्राचा धनी कोण?

१९४६ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये, हे त्या अहवालाचं मूळ सूत्र होतं आणि खेड्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र हा त्याचा पाया. १९५२ मध्ये सामुदायिक विकास कार्यक्रमाबरोबर अशी केंद्रं सुरू होऊ लागली. आजचा निकष असा, की सपाटीच्या भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० लोकांमागे एक ग्रामीण रुग्णालय असावं. डोंगराळ आणि आदिवासी भागासाठी हेच आकडे ३,०००, २०,००० आणि ८०,००० आहेत. महाराष्ट्रात आज १,८०० हून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि १०,००० हून अधिक उपकेंद्रं आहेत.

कागदावर ही साखळी नीट दिसते. आता तुमच्या केंद्रात कोण कुणाला उत्तर देतं ते पाहा. केंद्र जिल्हा परिषदेचं, पण वैद्यकीय अधिकाऱ्याची नेमणूक आणि बदली राज्य शासनाकडे. आरोग्य सेविका, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या नर्सबाई, जिल्हा परिषदेच्या. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटावर घेतलेला. आशाताई तर कर्मचारीच नाही. तिला मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. ज्या अंगणवाडीत बाळाचं वजन होतं, ती महिला व बालविकास विभागाची. गळक्या छताची दुरुस्ती बांधकाम विभागाकडे. रुग्णाला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं की तो जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत जातो आणि पुढे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं की वैद्यकीय शिक्षण विभागाच्या. आजारी माणूस एकच, पण त्याची जबाबदारी वाटेत दोनदा हात बदलते.

केंद्राचं नेतृत्व ज्या वैद्यकीय अधिकाऱ्याने करायचं, त्याच्याकडे जबाबदारी सगळ्यांची आणि अधिकार थोड्यांवरच. मग काम कसं होतं? तो बांधकामच्या अभियंत्याला स्वतः फोन करतो, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे औषधांसाठी पाठपुरावा करतो, सरपंचांना गाठून पाण्याची सोय करून घेतो, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेशी जमवून घेतो. चांगलं चालणारं केंद्र असं नियमांनी कमी आणि अशा जोडलेल्या माणसांनी जास्त चालतं. डॉक्टर गेले की ही जोडलेली माणसंही तुटतात. तुमच्या दोन केंद्रांमधल्या फरकाचं मुख्य कारण मला हे वाटतं. नव्या डॉक्टरांची नियत वाईट असते असं मुळीच नाही. त्यांना सगळं पहिल्यापासून जुळवावं लागतं आणि ते जुळेपर्यंत त्यांचीही जायची वेळ होते.

बदल्यांसाठी २००५ चा राज्याचा कायदा आहे आणि त्यात एका जागी राहण्याचा सर्वसाधारण काळ तीन वर्षांचा धरलेला आहे. पण खेड्यातल्या अनेक जागा बंधपत्रावरच्या तरुण डॉक्टरांनी भरलेल्या असतात. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष शासनाची सेवा करायची, नाहीतर १० लाख रुपये दंड भरायचा, असा तो नियम आहे. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा अभ्यास डोक्यात घेऊन आलेल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाकडून किंवा मुलीकडून आपण ३०,००० लोकांच्या आरोग्याचं नेतृत्व मागतो. औषधसाठा कसा सांभाळायचा, निधीचा हिशेब कसा ठेवायचा, वयाने दुप्पट असलेल्या कर्मचाऱ्यांकडून काम कसं करून घ्यायचं, यातलं त्यांना महाविद्यालयात फारसं काही शिकवलेलं नसतं. त्यांना दोष देण्याआधी आपण त्यांच्या हाती काय दिलं, हे पाहायला हवं.

माणूस गेला, काम उरलं

एका माणसाने काय होऊ शकतं, याचं महाराष्ट्रातलं लखलखीत उदाहरण म्हणजे डॉ. हिंमतराव बावस्कर. १९७६ मध्ये ते रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तांबडा विंचू चावून, फुप्फुसांत पाणी होऊन आणि हृदय थकून माणसं मरत. तरणीताठी माणसं, लहान मुलं डोळ्यांदेखत जात. बावस्करांनी रुग्णांजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या. पुढे रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी या रुग्णांना दिलं. गंभीर दंशातलं मृत्यूचं प्रमाण शंभरात ४० च्या घरातून १ च्या आसपास आलं. १९८२ पासून त्यांचं लेखन 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध होऊ लागलं आणि कोकणातल्या केंद्रात जमा झालेलं ज्ञान जगभर गेलं.

या गोष्टीतली बावस्करांची जिद्द आपण सगळे सांगतो आणि ती सांगण्यासारखीच आहे. मला त्यातलं आणखी एक महत्त्वाचं वाटतं. त्यांनी शोधलेला उपचार कुठल्याही केंद्रातला कुठलाही डॉक्टर देऊ शकतो. गोळी स्वस्त, पद्धत लिहिलेली, लक्षणं ठरलेली. बावस्कर बिरवाडीत असोत वा नसोत, विंचू चावलेलं मूल वाचू शकतं. हुशार माणसाच्या हातातलं कौशल्य सगळ्यांच्या हाती जावं, अशी ती रीत झाली. ग्रामीण आरोग्यातलं खरं नेतृत्व मी यालाच म्हणेन.

गावातल्या बाईच्या हाती आरोग्य

याच वाटेने आणखी पुढे गेलेली दोन कामं महाराष्ट्रातलीच आहेत. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेडला काम सुरू केलं. दुष्काळी भाग, पिण्याच्या पाण्याची मारामार, जातीपातीची घट्ट वीण. त्यांनी गावागावांतून बायका निवडून घेतल्या. त्यांतल्या कित्येक दलित होत्या, कित्येक कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांना बाळंतपण, जुलाब, लसीकरण, कुष्ठरोग, क्षयरोग यांचं शिक्षण दिलं आणि दर आठवड्याला एकत्र बोलावून नवं शिकवणं, अडचणी ऐकणं चालू ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडचा समावेश होता. प्राथमिक आरोग्यसेवेची जगाने जिथे शपथ घेतली, ती अल्मा-आताची परिषद त्यानंतर तीन वर्षांनी, १९७८ मध्ये झाली. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरं काम गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातलीच थोडं शिकलेली बाई बाळाचं वजन करी, श्वास मोजी, ऊब देण्याची पद्धत आईला शिकवी आणि जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही देई. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले आणि २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याचं काम देशभरातल्या आशांकडे सोपवलं गेलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी सहा-सात वेळा येऊन बाळाला पाहते, त्याची मुळं गडचिरोलीत आहेत.

आशा ही योजना २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. साधारण १,००० लोकवस्तीमागे एक आशा. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा सन्मान दिला. त्या सन्मानानंतर दोनच वर्षांनी, २०२४ च्या सुरुवातीला, महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी आझाद मैदानात आठवडेच्या आठवडे बसल्या होत्या. मग शासनाने दरमहा ५,००० रुपयांची वाढ दिली. जिचं नेतृत्व जगाने मान्य केलं, तिला आपण अजून कर्मचारी म्हणायला तयार नाही, ही मला आजच्या धोरणातली सर्वांत खटकणारी गोष्ट वाटते.

जामखेड आणि गडचिरोलीतून शासनाने गावातली आरोग्य कार्यकर्ती घेतली, हे फार मोठं पाऊल होतं. पण तिच्यामागे जो आधार होता, तो तेवढा घेतला नाही. आठवड्याची शिकवणी, चूक झाली तर दुरुस्त करायला येणारी अनुभवी व्यक्ती, पिशवीतली औषधं संपण्याआधी भरणं आणि अडचण सांगितल्यावर ऐकून घेणारा माणूस, यांमुळे त्या बायका पुढे आल्या. आज आशांवर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तकाकडे अनेक गावं, आशेकडे असंख्य नोंदवह्या आणि ॲपवरच्या नोंदी. शिकवण्यापेक्षा विचारणा जास्त होते.

आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. डॉक्टर एक-दोन-तीन वर्षांत जातात. नर्सबाई आणि आशा वर्षानुवर्षं तिथेच असतात. कुठल्या वस्तीचा रस्ता पावसाळ्यात बंद होतो, कुणाच्या घरी आधीची बाळंतपणं अवघड गेली, कोण क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. केंद्राची आठवण त्यांच्यापाशी असते आणि निर्णयाचा अधिकार नेहमी नव्या माणसापाशी. नर्सबाईंना ठरावीक औषधं देण्याचा, गाडी बोलावण्याचा, आकस्मिक खर्च करण्याचा अधिकार लेखी दिला, तर डॉक्टरांच्या बदलीचा धक्का बराच कमी होईल, असं मला वाटतं.

वरचं नेतृत्वही लागतं

सगळं खालूनच होईल असंही नाही. राज्याच्या पातळीवर एखाद्या प्रश्नाला पहिली जागा देऊन त्याचा पिच्छा पुरवला, तर काय होतं हे राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनने दाखवलं. कुपोषणाने होणाऱ्या बालमृत्यूंच्या पार्श्वभूमीवर २००५ मध्ये हे मिशन औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून सुरू झालं. भारतीय प्रशासन सेवेतले व्ही. रमणी त्याचे पहिले प्रमुख होते. आरोग्य आणि महिला-बालविकास या दोन खात्यांना एकत्र बसवणं, रिकामी पदं भरून घेणं, बाळांची वजनं प्रामाणिकपणे नोंदवायला लावणं, अशी साधी वाटणारी कामं त्याने हाती घेतली. पुढे गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर भर दिला. दोन वर्षांखालच्या खुरट्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं. २०१२ च्या पाहणीत ते २३ टक्क्यांवर आलं.

पण पुढची आकडेवारीही पाहायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या खुरट्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ४६ टक्के होतं, २०१५-१६ मध्ये ३४ टक्के झालं आणि २०१९-२१ मध्ये ३५ टक्के. म्हणजे घट थांबली. तुमच्या तालुक्यात जे घडलं तेच इथे राज्याच्या मापाने दिसतं. नेटाने लावलेला जोर ओसरला की आकडा जागीच राहतो.

दक्षिणेतल्या काही राज्यांनी काही गोष्टी माणसांवर सोडल्या नाहीत, त्या रचनेत बसवल्या. तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्यासाठी स्वतंत्र संचालनालय फार पूर्वीपासून आहे आणि १९३९ पासून सार्वजनिक आरोग्याचा कायदा आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिथे औषधखरेदीचं स्वतंत्र महामंडळ आलं. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, प्रत्येक केंद्राला पासबुक आणि त्यावर ठरलेल्या रकमेत हव्या त्या औषधांची उचल. औषध मिळणं ही कुणाची मेहेरबानी राहिली नाही. आपल्याकडे २०१७ नंतर काही वर्षं खरेदी हाफकिन महामंडळामार्फत झाली आणि २०२३ मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. पाऊल योग्य आहे. त्याचं यश मात्र तुमच्या केंद्राच्या फडताळात मोजावं लागेल.

केरळने १९९६ पासूनच्या लोकनियोजन मोहिमेत प्राथमिक आरोग्य केंद्रं ग्रामपंचायतींच्या हवाली केली. २०१७ च्या 'आर्द्रम' मोहिमेत त्यांचं कुटुंब आरोग्य केंद्रांत रूपांतर सुरू झालं आणि ओपीडी संध्याकाळपर्यंत चालू लागली. रोजगार बुडवून सकाळी येणं ज्याला जमत नाही, त्याच्यासाठी ही वेळ फार मोलाची. वेळ बदलायला मोठी यंत्रं लागत नाहीत. केंद्र कुणासाठी आहे याचा विचार लागतो.

आधी काय, हे कोण ठरवतं?

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की पैसा ज्या कामासाठी येतो आणि आढावा बैठकीत ज्याचा आकडा विचारला जातो, त्याच कामाला केंद्रात पहिली जागा मिळते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च केंद्र सरकार आणि राज्य सरकार ६०:४० असा उचलतात. कोणत्या कामाला किती, हे वार्षिक आराखड्यात ठरतं. एके काळी कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया हाच आरोग्य केंद्राचा मुख्य आकडा होता. मग पोलिओ आला, मग दवाखान्यातली बाळंतपणं. या पाठपुराव्याचं फळही मिळालं आहे. महाराष्ट्रात हजारी बालमृत्यूचं प्रमाण २००५ मध्ये ३६ होतं, ते २०२० मध्ये १६ झालं. एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २०१८-२० मध्ये ३३ होते, तर देशाचा आकडा ९७.

पण गावातलं आजारपण बदललं आहे. रक्तदाब, मधुमेह, पक्षाघात, कर्करोग, मनाचे आजार, शेतीतल्या विषबाधा आणि दुचाकींचे अपघात ही आजची दुखणी. रक्तदाबाची गोळी रोज लागते, जन्मभर लागते. ती आणायला महिन्यातून एकदा तालुक्याला जाणं आणि दिवसाची मजुरी बुडवणं कुणाला परवडत नाही. यावर चांगली वाट सापडलेलीही आहे. २०१७ पासून सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि तुमचा सातारा हे जिल्हे सुरुवातीलाच होते. औषधांची ठरलेली पायरी, महिनाभराच्या गोळ्या एकदम, रुग्णाचं कार्ड आणि न आलेल्याला आठवण करणं, एवढंच त्याचं सूत्र. रक्तदाब आटोक्यात राहण्याचं प्रमाण मोठ्या रुग्णालयांपेक्षा घराजवळच्या केंद्रांत जास्त दिसलं. विंचूदंशाच्या उपचारासारखीच ही रीत आहे. डॉक्टर बदलले तरी चालते.

मग पैसा कुठे आधी जावा? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने स्वतःच सांगितलं आहे, की सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या २.५ टक्के व्हावा आणि त्यातला दोन-तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेवर जावा. २०२१-२२ मध्ये सरकारी खर्च १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला सुमारे ३९ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून भरला.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं छत्र आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार यांसाठी ती आधार आहे आणि ती राहिलीच पाहिजे. पण ज्या रुग्णाचा रक्तदाब उपकेंद्रात आटोक्यात राहिला असता, त्याला पक्षाघात झाल्यावर लाखांचं कार्ड हाती देणं हे उशिराचं समाधान आहे. रुग्णालयाचं उद्घाटन फोटोत येतं, न झालेला पक्षाघात येत नाही. दिसत नाही अशा कामाला निधीत पहिली जागा देणं, ही राजकीय नेतृत्वाची खरी परीक्षा आहे.

माझ्या मते प्राधान्यक्रम असा असावा. पहिलं, उपकेंद्र आणि प्राथमिक केंद्रातली मंजूर पदं कायमस्वरूपी भरणं आणि आशांना कर्मचाऱ्याचा दर्जा देणं. दुसरं, गावातल्या उपकेंद्रापासून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत सगळी सेवा एकाच अधिकाऱ्याच्या जबाबदारीखाली आणणं; सोबत त्याला पूर्ण तीन वर्षांचा काळ आणि व्यवस्थापनाचं शिक्षण देणं. तिसरं, औषधांचा अखंड पुरवठा. चौथं, बदलीच्या वेळी जुन्या आणि नव्या डॉक्टरांनी काही दिवस एकत्र काम करणं सक्तीचं करणं. हे चौथं सर्वांत स्वस्त आहे आणि त्याने तुमच्या दोन केंद्रांमधलं अंतर बरंच कमी होईल.

गावाने काय करावं?

गावाचा अधिकार आधीच कागदावर आहे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती प्रत्येक गावात असायला हवी. तिच्यासाठी वर्षाला १०,००० रुपयांच्या अबंधित निधीची तरतूद आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती असते. तिचे सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, निधी कशावर खर्च झाला, ही माहिती मागणं हा तुमचा हक्क आहे.

हा हक्क वापरला की काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. २००७ मध्ये पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकरीच आपल्या केंद्राचं प्रगतिपुस्तक भरत. सेवा चांगली असेल तर हिरवा रंग, बरी असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचलं जाई. लसीकरणाला न येणारी गाडी, बाहेरून आणायला लावलेली औषधं, न मिळालेलं बाळंतपणाचं अनुदान, असे प्रश्न तिथे सुटले. कर्मचाऱ्यांनाही त्याचा उपयोग झाला. रिकामी पदं आणि तुटके पलंग यांबद्दल डॉक्टरांच्या वतीने गाव बोलू लागलं.

म्हणून माझी विनंती अशी. येत्या ग्रामसभेत आरोग्य हा विषय पत्रिकेवर घ्यायला लावा आणि काही ठरावीक प्रश्न दर तीन महिन्यांनी विचारा. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या उपकेंद्रात महिनाभर पुरल्या का? सर्पदंशावरचं प्रतिविष आणि श्वानदंशाची लस आज शिल्लक आहे का? मागच्या तिमाहीत किती रुग्ण पुढे पाठवले आणि का? किती पदं रिकामी आहेत? नर्सबाईंच्या राहत्या घराला पाणी, वीज, दार-कडी आहे का? आशेचा मोबदला थकला आहे का? उत्तरं फलकावर लिहून लावा, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करता येईल. तुम्ही शिक्षक होता. प्रगतिपुस्तक कसं भरायचं, हे तुमच्याइतकं गावात कुणाला समजणार?

हे प्रश्न डॉक्टरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून विचारू नका. त्यांना शेजारी बसवून विचारा, आणि ज्याचं उत्तर त्यांच्या हाती नाही ते प्रश्न गावाच्या ठरावासह जिल्हा परिषदेकडे पाठवा. तुमच्या तालुक्यातल्या चालत्या केंद्राच्या डॉक्टरांची बदली कधी ना कधी होणारच आहे. ते तिथे आहेत तोवर ते काय करतात, कसं करतात, हे समितीने आत्ताच लिहून काढावं आणि दुसऱ्या केंद्रात न्यावं. डॉक्टर येतील-जातील, पण प्रश्न विचारणारं गाव बदलून जात नाही, आणि केंद्राला पुढे नेणारी सर्वांत टिकाऊ ताकद तीच आहे.